विकावयाचे घर आणि त्याचे मोल

घर विकावयास काढले आहे, एवढे शब्द कानांवर पडले की मराठवाड्यातील माणसाच्या मनात किमतीच्या आधी नडीचा विचार येतो. कर्ज झाले असेल, भावाभावांत बिनसले असेल, मुलाने काही तरी करून ठेवले असेल, अशी अनुमाने दारोदार फिरू लागतात. आणि या अनुमानांच्या भयाने विकणारा आपला हेतू इतका झाकून ठेवतो की ज्याला घर हवे आहे त्याच्यापर्यंत ती वार्ता महिनोन्‌महिने पोहोचतच नाही. ज्या प्रदेशाने दुष्काळात जमिनी आणि दागिने विकले जाताना पाहिले, तेथे विक्री म्हणजे संकट ही समजूत दृढ व्हावी हे स्वाभाविकच होते. परंतु बदली, निवृत्ती, मुलांचे शिक्षण अशा सर्वस्वी निरोगी कारणांनी घरे हस्तांतरित होऊ लागल्यावरही ती समजूत टिकून राहिली आहे, आणि तिचा भुर्दंड विकणाऱ्यालाच सोसावा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

विष्णुपुरीत हे विशेष जाणवते. गोदावरीच्या काठचे, काळेश्वराच्या मंदिराचे हे गाव नांदेड-लातूर रस्त्यालगत आहे. शंकरराव चव्हाणांच्या पाठपुराव्याने येथे उपसा सिंचनाचा प्रकल्प उभा राहिला. १९८१ साली श्री गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. आणि पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालयही शहरातून इकडे आले. म्हणजे घर शोधणारा परिचारक, लिपिक, तरुण डॉक्टर, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी लोहा-कंधारकडून येणारा शेतकरी येथे नेहमीच आहे. तरीही कित्येक घरांवरची ‘विकणे आहे’ ही पाटी उन्हाने फिकी होईपर्यंत लटकत राहते. असे का होते, याविषयी दोन सुविद्य गृहस्थांचा संवाद माझ्यासमक्ष झाला. एक, स्थापत्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, जे विष्णुपुरीतील आपले घर विकून लातूरला मुलीजवळ राहावयास जाणार आहेत. दुसरे, नांदेडच्या न्यायालयात दिवाणी कामे करण्यात ज्यांचे केस पांढरे झाले असे वकील. दोघांच्या संमतीने तो संवाद येथे देत आहे.

प्राध्यापक : वकीलसाहेब, परवा एक मध्यस्थ घर पाहून गेले. त्यांचे म्हणणे असे की भिंतींना पुट्टी भरा, दर्शनी भागाला भडक रंग द्या, बैठकीत छताला खोटे छत करून दिवे लावा, म्हणजे घर महिन्यात जाईल. मला हा सर्व प्रकार अप्रामाणिक वाटतो. घर आहे तसे आहे. ज्याला ते आवडेल त्याने घ्यावे; ज्याला दिवे आवडतात त्याने दिव्यांच्या दुकानात जावे.

वकील : सर, तुम्ही दोन निराळ्या गोष्टी एका पारड्यात घातल्या. घर स्वच्छ करणे, अडगळ काढणे, गळके नळ बदलणे, बंद पडलेली खिडकी उघडी करणे, साधा पांढरा रंग देणे, ही येणाऱ्याविषयीची आदरबुद्धी आहे. दोष झाकणे ही फसवणूक आहे. पहिलीला तुमचा विरोध असू नये. तुमच्या मागच्या खोलीत तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका आणि मासिके छतापर्यंत रचलेली आहेत; ती खोली बारा फुटांची आहे हे घर पाहावयास आलेल्याला तुम्ही सांगता, त्याच्या डोळ्यांना ती सात फुटांची दिसते.

प्राध्यापक : मासिके मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारून पाहीन. पण पुट्टीचे काय? नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, खिडकीच्या खालच्या टोकापासून जोत्यापर्यंत तिरपी उतरलेली एक भेग आहे. मध्यस्थांचे सारे लक्ष तिच्यावर होते. ती का आहे हे मला ठाऊक आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात आकसते. त्या कोपऱ्याला छपराच्या पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे मुरत राहिले, म्हणून तेथली माती इतर पायाहून अधिक हालली. श्रावणात ती भेग नखाएवढी असते आणि मे महिन्यात तिच्यात रुपयाचे नाणे उभे राहते. आज पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडणार, आणि तोवर घर दुसऱ्याचे झालेले असणार.

वकील : म्हणूनच ती भरू नका असे मी सांगतो, आणि माझ्या सांगण्याला केवळ नीतीचा नव्हे, कायद्याचाही आधार आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने विकणाऱ्यावर हे कर्तव्य टाकले आहे की मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण सावधगिरीने उमगणार नाही, तो त्याने उघड करावा. पुट्टी भरली की उघडा दोष गुप्त होतो, आणि तुम्ही स्वतःच ते कर्तव्य ओढवून घेऊन मोडता. पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर न्या, कोपऱ्याशी फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला द्या, भेग तशीच ठेवा आणि कारणासह दाखवा. जो माणूस आपल्या घरातली भेग आपण होऊन दाखवतो, त्याच्या इतर बोलण्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

येथे मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. भेगेविषयी बोलताना प्राध्यापकांच्या तोंडून सहज जी माहिती निघाली ती त्यांच्या घराचे सर्वांत मोठे भूषण होती, आणि तिचा उल्लेख त्यांनी त्या मध्यस्थांपाशी केलाच नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला त्यात लातूर-उस्मानाबादकडील दगडमातीची, जड माळवदांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. प्राध्यापकांचे घर त्यानंतरच्या दोन वर्षांत बांधले गेले. आणि जे त्यांनी वर्गात शिकविले ते स्वतःच्या घरात केले. जोत्याशी, खिडक्यांच्या माथ्याशी आणि छताखाली असे तीन सलग काँक्रीटचे पट्टे चारही भिंतींना बांधून घेतले. ती भेग खिडकीच्या माथ्यावर चढली नाही, याचे श्रेय मधल्या पट्ट्याला आहे. गिलाव्याखाली गेलेली ही सुरक्षितता कोणत्याही ग्राहकाला दिसणार नाही.

वकील : त्या पट्ट्यांचा नकाशा आहे?

प्राध्यापक : नकाशा आहे, सळईचे हिशेब आहेत, आणि पट्टा ओतताना काढलेली छायाचित्रेही आहेत.

वकील : मग तीच तुमची सजावट. एका फाइलीत लावा आणि येणाऱ्याच्या हाती द्या. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरला, ज्याचे आईबाप त्या भूकंपाने हादरलेल्या औशाचे किंवा निलंग्याचे असतील, खोट्या छतातल्या दिव्यांपेक्षा तो नकाशा अधिक भावेल.

प्राध्यापक : हे मला मान्य आहे. परंतु मध्यस्थांच्या त्या ‘महिन्यात’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. इतकी घाई का? घाई दिसली की समोरचा भाव पाडतो. गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात, आणि सौद्यात तर गरजवंताला तोंडही नसते.

वकील : घाई आणि सिद्धता यांत तुम्ही भेद करावा अशी माझी विनंती आहे. ज्याचे कागद तयार नाहीत आणि ज्याला पैसे उद्या हवे आहेत, तो घाईचा; त्याचा भाव पडतोच. ज्याचे कागद आज तयार आहेत, त्याचा व्यवहार लवकर होतो, पण तो कोणापुढे वाकत नाही. माझ्या अनुभवात विष्णुपुरीतील सौदे ज्या कारणांनी मोडले, त्यांत रंग हे कारण मला आठवत नाही. फेरफार, बोजा, वारस आणि मोजणी, या चार ठिकाणी ते मोडले. तुमचे घर कोणाच्या नावावर आहे?

प्राध्यापक : माझ्या आणि सौभाग्यवतींच्या, निम्मे निम्मे. तिला जाऊन आता चार वर्षे झाली.

वकील : त्यांनी मृत्युपत्र केले होते?

प्राध्यापक : नाही. तिला तशी सवडच मिळाली नाही.

वकील : तर मग, सर, अर्ध्या घराचे तुम्ही एकटे मालक नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचा निम्मा हिस्सा तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान वाटला जातो. वारसनोंद झाली नसेल तर ती आधी. आणि खरेदीखतावर तिघांच्या सह्या, किंवा त्या दोघांचे तुमच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

प्राध्यापक : मुलांनी हरकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वकील : प्रश्न हरकतीचा नाही, सहीचा आहे. मुलगा परदेशात आहे. त्याला येणे शक्य नसेल तर तेथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र करून पाठवावे लागेल, आणि ते येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागेल. ग्राहक बैठकीत बसलेला असताना हे आरंभले तर तो उठून जातो. ग्राहकाची पावले दाराशी येण्यापूर्वी हे झालेले असले पाहिजे. बँकेचे कर्ज होते ना?

प्राध्यापक : ते तर केव्हाच फेडले. शेवटचा हप्ता भरल्याची पावती माझ्याजवळ आहे.

वकील : पावती तुमच्याजवळ आहे, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्या बँकेचा बोजा अजून उभा आहे. मी कालच उतारा काढून पाहिला. बँकेचे बेबाकी प्रमाणपत्र घ्या आणि तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. फेरफाराला हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस असते. ते दिवस कोणाच्या विनंतीने कमी होत नाहीत.

या विषयावर वकील बराच वेळ बोलले, आणि मलाही तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. कारण विष्णुपुरीसारख्या, ग्रामपंचायतीच्या हद्दीतील पण शहराच्या गतीने वाढणाऱ्या वस्तीत एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभी असलेली तीन सारखी दिसणारी घरे कागदोपत्री तीन निरनिराळ्या जातींची असतात. एकाचा भूखंड अकृषिक परवानगीचा आणि मंजूर रेखांकनातला असतो. त्याचा स्वतंत्र सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, बांधकाम परवाना, सर्व काही जुळते, आणि त्यावर बँक निःशंक कर्ज देते. दुसऱ्याचा भूखंड गुंठेवारीचा असतो. २००१च्या अधिनियमाखाली तो नियमित झाला असेल तर ठीक, नसेल तर घेणाऱ्याला कर्ज मिळत नाही आणि ग्राहकांची संख्या एकदम रोख पैसेवाल्या थोड्या लोकांपुरती आकुंचित होते. तिसरा भूखंड तर केवळ ‘बाँड’वर, म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर नोटरीसमोर लिहून, घेतलेला असतो, आणि अशा कागदाने किंवा नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. अशा घराला चांगल्या दिव्यांनी काय होणार? त्याच्या मालकाने आधी आपल्या हक्काचे पाहावे. मराठवाड्यात आणखी एक फेरा आहे : जुनी मालकी शोधताना निजामी अमदानीच्या नकलांपर्यंत, तसेच खासरा पत्रक आणि पहाणीपत्रकापर्यंत जावे लागते, आणि त्यांत मूळ सर्व्हे नंबर इनामाचा किंवा देवस्थानचा निघाला तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पुढचा प्रत्येक दस्त डळमळतो. तीस वर्षांचा शोध अहवाल विकणाऱ्याने स्वतः आधी काढून ठेवावा, हा वकिलांचा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. तो खर्च रूढीने घेणाऱ्याचा समजला जातो. पण विकणाऱ्याने तो केला तर त्याचे अज्ञान त्याला ग्राहकाच्या वकिलाकडून कळण्याची वेळ येत नाही.

प्राध्यापक : आणखी काय हवे?

वकील : पूररेषेचा दाखला. नदी जवळ आहे, आणि प्रकल्पाचे दरवाजे उघडले की येथल्या घरांचा विचार करणारा प्रत्येक माणूस पाण्याचा विचार करतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. या दोहोंच्या बाहेर तुमचा भूखंड आहे हे पाटबंधारे खात्याच्या नकाशावरून दाखविता आले तर तो प्रश्न तेथेच मिटतो. दुसरा प्रश्न पाण्याच्या अभावाचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट या भागात घर घेणारा कोणीही विसरलेला नाही. बोअर किती फुटांवर आहे, मे महिन्यात तिचे पाणी किती वेळ चालते, हे तुम्ही लिहून ठेवा. आणि एखाद्या उन्हाळ्यात ती आटली असेल तर तेही लिहा.

प्राध्यापक : एकदा आटली होती. लिहितो. आता किमतीचे बोलू. माझा आकडा साठ लाख आहे.

वकील : तो कोठून आला?

प्राध्यापक : भूखंडाला दिलेले पैसे, बांधकामाचा खर्च, नंतरच्या दुरुस्त्या, वरच्या खोल्या, बोअर, यांवर इतक्या वर्षांचे व्याज. शिवाय त्या मध्यस्थांनीही साठ सहज येतील असे सांगितले.

वकील : मध्यस्थांत चांगली माणसेही पुष्कळ आहेत, परंतु जो पहिल्याच भेटीत सर्वांत मोठा आकडा सांगतो, त्याला आधी घर आपल्या हाती यावयास हवे असते. भाव उतरविण्याचे काम तो चार महिन्यांनी, तुम्ही थकल्यावर, सुरू करतो. आणि तुमच्या खर्चाचा हिशेब, सर, तुमच्यापुरता खरा आहे. पण घेणाऱ्याने तुमचा भूतकाळ का विकत घ्यावा? तो जमीन घेतो, आणि तीस वर्षे वापरलेले बांधकाम घेतो. तुम्ही स्थापत्याचे आहात. घराचे आयुष्य किती धरता?

प्राध्यापक : नीट निगा राखली तर साठ वर्षे.

वकील : म्हणजे निम्मे सरले. भूखंड दोन हजार चौरस फुटांचा. तुमच्या गल्लीतील अलीकडचे व्यवहार पाहता अठराशेचा दर धरला तर छत्तीस लाख. बांधकाम चौदाशे फूट. आज नव्याने करावयाचे तर त्यालाही अठराशेच्या आसपास खर्च, म्हणजे पंचवीस लाख वीस हजार, त्याचे निम्मे बारा लाख साठ हजार. एकूण अठ्ठेचाळीस लाख साठ हजार. पट्टे, बोअर आणि कागदांची निर्दोषता यांसाठी आपण वर काही मागू शकतो. एक्कावन्न जाहीर करा.

प्राध्यापक : नऊ लाख! इतके एका वाक्यात सोडून द्यावयाचे? आणि ज्या व्यवहारांवरून तुम्ही दर काढला, त्यांच्या दस्तांतले आकडे तरी खरे असतात काय? सरकारी दराने दस्त करावयाचा आणि उरलेले हातावर द्यावयाचे, ही रीत मी ऐकतो.

वकील : ती रीत होती, आणि अजून समूळ गेलेली नाही, हे मी नाकारीत नाही. म्हणून मी केवळ दस्तनोंदणीच्या सूची क्रमांक दोनवर विसंबलो नाही. ज्यांनी गेल्या वर्षभरात बँकेच्या कर्जावर घर घेतले त्यांचेच व्यवहार पाहिले. पगारदार माणूस कर्ज घेतो तेव्हा दस्तातला आकडा खऱ्याच्या जवळ येतो, कारण दस्त कमी दाखविला तर कर्जही कमी मिळते. शिवाय १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुम्ही सर्व रक्कम बँकेतून घ्यावी. तुमचे लातूरचे घर त्याच पैशातून होणार असल्याने भांडवली नफ्याची सवलतही तुम्हांला त्या उघड रकमेवरच मिळेल. आता नऊ लाखांकडे येऊ. तुमचा ग्राहक कोण? समजा, रुग्णालयातले एक जोडपे, दोघे नोकरीत. बँकेचा मूल्यांकनकार येऊन तुमच्या घराचे पन्नास लाख ठरवील. या टप्प्यातील घराला बँक जास्तीत जास्त ऐंशी टक्के देते, म्हणजे चाळीस लाख. किंमत एक्कावन्न असेल तर त्यांना पदरचे अकरा घालावे लागतील. साठ असेल तर वीस. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च निराळाच. भाव करण्यापूर्वीच ते जोडपे जिना उतरून गेलेले असते, आणि ते का गेले हे तुम्हांला कधी कळतही नाही.

प्राध्यापक : मूल्यांकन साठचे झाले तर?

वकील : तरी हप्ता आहे. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाला प्रत्येक लाखामागे महिना सुमारे नऊशे रुपये पडतात. तुमचे नऊ लाख म्हणजे त्यांच्यावर दरमहा आठ हजार शंभर रुपये, वीस वर्षे. घेणारा घराची किंमत लाखांत ऐकतो आणि हप्त्यात मोजतो.

प्राध्यापक : मी थांबू शकतो. मला कर्ज नाही.

वकील : थांबण्यालाही मोल पडते. एक्कावन्न लाख सात टक्क्यांनी वर्षभर ठेवले तर तीन लाख सत्तावन्न हजार येतात. वर्षभर थांबून तुम्ही चोपन्न लाख मिळविले तर तुम्ही हरलात. आणि तोवर बंद घराला लागलेली वाळवी, घरपट्टी आणि रखवाली मी धरलेलीच नाही. त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. विष्णुपुरीत कोणत्याही वेळी तुमच्यासारखे घर मनापासून शोधणारी कुटुंबे थोडीच असतात. घर विक्रीला निघाले की पहिल्या तीन-चार आठवड्यांत ती सर्व येऊन जातात. त्यांनी आकडा ऐकून पाठ फिरविली की पुढे येणारा मनुष्य घर पाहण्यापूर्वी एवढेच विचारतो, की ते अजून पडूनच का आहे. मग तुम्ही पंचावन्नावर आलात काय आणि पन्नासावर आलात काय, त्या शंकेचे निरसन होत नाही. पहिला आकडा हाच खरा आकडा. तो पुराव्यानिशी समर्थन करता येईल असा असावा, आणि एकदा सांगितला की त्यावर ठाम राहावे. मनात किमान आकडा ठरवून ठेवा, तो मलाही सांगू नका. आणि पितृपक्षाच्या तोंडावर बोलणी सुरू करू नका. त्या पंधरवड्यात इसार कोणी देत नाही. दसऱ्याच्या आधी घर दाखवून व्हावे, सोयाबीनचे पैसे आणि दिवाळीचा मुहूर्त दोन्ही साधतात.

या ठिकाणी प्राध्यापक बराच वेळ स्तब्ध होते. हिशेब त्यांना खोडून काढता येत नव्हता, आणि हिशेबाने त्यांचे समाधानही होत नव्हते. मला वाटते, घर विकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशी एक रक्कम असते की जी ग्राहकाकडून नव्हे, आपल्या गेलेल्या आयुष्याकडून येणे असते. आणि ती वसूल करण्यासाठी तो किमतीचा आकडा वापरू पाहतो. ती भावना क्षुद्र नाही. परंतु तिच्यासाठी रुग्णालयातल्या त्या जोडप्याने वीस वर्षे हप्ता भरावा, हे न्याय्य नव्हे.

प्राध्यापक : ठीक आहे, एक्कावन्न. पण आता माझ्या दोन अटी ऐका. पहिली अशी की मध्यस्थाला सांगण्यापूर्वी मी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगणार. त्यांना घ्यावयाचे असेल तर पहिला मान त्यांचा, याच किमतीला. लोक नड म्हणतील तर म्हणोत. लातूरला मुलीकडे जातो, हे मी माझ्या तोंडाने सांगेन.

वकील : ही तुमची अट मी माझ्या यादीतच घातली असती तर बरे झाले असते. खरेदीखतात चतुःसीमा लिहावयाच्या असतात. पूर्वेच्या शेजाऱ्याची भिंत तुमच्या हद्दीत सहा इंच आली आहे की तुमची त्याच्या हद्दीत गेली आहे, हा वाद जाहीर प्रगटनानंतर निघाला तर सौदा दोन महिने लांबतो. दैनिक ‘प्रजावाणी’त नोटीस छापून येण्याआधी तुम्ही चहाला गेलात तर तो वाद तेथेच मिटेल. मोजणीची तारीखही त्यांच्यासमक्ष घ्या. आणि विक्रीची गोष्ट तुम्हीच उघडपणे बोललात की अर्धी अनुमाने आपोआप बंद होतात. दुसरी अट?

प्राध्यापक : वरच्या खोल्यांत विद्यापीठाचे तीन विद्यार्थी राहतात. त्यांची हिवाळी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात असते. दसऱ्याला इसार झाला आणि घेणाऱ्याने दिवाळीत ताबा मागितला तर मी देणार नाही. परीक्षेच्या तोंडावर मुलांना सामान उचलावयास लावणे माझ्याच्याने व्हावयाचे नाही.

वकील : रिकामे घर लवकर विकले जाते, सर. भाडेकरू आत असताना घेणारा बिचकतो. उद्या ते निघालेच नाहीत तर, ही धास्ती त्याला असते. भाडेकरार नोंदलेला आहे काय?

प्राध्यापक : अकरा महिन्यांचा, नोंदलेला. डिसेंबरअखेर संपतो.

वकील : मग धास्तीला उत्तर आहे. कराराची प्रत फाइलीत ठेवू, आणि इसार पावतीत लिहू की वरच्या मजल्याचा ताबा विद्यार्थ्यांची परीक्षा संपल्यावर, परंतु ३१ डिसेंबरपलीकडे नाही. खालचा मजला खरेदीखताच्या दिवशीच. नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करता येतो, पण आपण तसे काही लांबवू नये. खरेदीखत आणि नोंदणी एकाच दिवशी. मात्र एक सांगून ठेवतो. वरच्या मजल्याचा ताबा उशिरा मिळणार म्हणून घेणारा किमतीत काही कमी करावयास सांगेल. वीस-पंचवीस हजार तरी मागेल.

प्राध्यापक : द्या.

वकील : मघाशी एका रुपयासाठी तुम्ही—

प्राध्यापक : ते घराचे होते, हे त्या मुलांच्या परीक्षेचे आहे. पंचवीस हजार सोडावयास माझी तयारी आहे असे तुमच्या टिपणात लिहून ठेवा, आणि मुखत्यारपत्राचा मसुदा आज रात्रीच मुलाला पाठवा. त्याच्याकडे आता सकाळ होत असेल.